चावी फिरते, एसी लागत नाही: नाशिकमधल्या जुन्या बॉक्स्टरच्या इग्निशन स्विचचं प्रकरण

गाडी पोर्शे बॉक्स्टर, कंपनीच्या भाषेत ९८६. मॉडेल २००१, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, उजवं स्टिअरिंग. मालक गंगापूर रोडचे, बाग दिंडोरीकडे. गाडी रोजच्या वापरातली नाही. रविवारी सकाळी त्र्यंबक रोडनं एक फेरी, महिन्यातून एखाद वेळा कसारा घाट उतरून मुंबई, बाकी दिवस कव्हरखाली. अशा गाड्यांत दोष हळूहळू वाढतो आणि मालकाला त्याची सवय होते. इथेही तेच झालं.

पहिली तक्रार मे महिन्यातली. गाडी एका चावीत चालू व्हायची, पण एसी आणि ब्लोअर गप्प. पुन्हा बंद करून चालू केली की कधी लागायचा, कधी नाही. गॅरेजनं एसीचा दोष धरला. गॅस तपासला, थोडा कमी होता म्हणून भरला. पंधरा दिवसांनी तक्रार परत आली, मग ब्लोअरचा रेझिस्टर बदलला. तो बदलल्यावर चार-पाच वेळा सगळं नीट चाललं, म्हणून प्रकरण मिटलं असं वाटलं. दरम्यान मालकांनी स्वतःच एक तोडगा शोधून काढला होता: गाडी चालू झाली की चावी बोटानं किंचित मागे दाबायची, ब्लोअर लागतो. ही गोष्ट त्यांनी गॅरेजमध्ये सांगितलीच नाही, कारण त्यांच्या लेखी ती तक्रार नव्हती, युक्ती होती. खरं तर अख्खं निदान त्या एका वाक्यात होतं.

पावसाळ्यात खड्ड्यावरून गाडी गेली की एबीएसचा दिवा लुकलुकायला लागला. तोही सेन्सरचा दोष म्हणून बाजूला पडला. नवरात्रात मात्र एके सकाळी इंजिन चालू झाल्यावर स्टार्टर सुटलाच नाही. बोनेटऐवजी सीटमागून (या गाडीचं इंजिन सीटमागे असतं) येणारा तो करकरीत, चढत जाणारा आवाज मालकांनी पाच-सहा सेकंद ऐकला आणि चावी मागे ओढली. इंजिन बंद पडलं, स्टार्टर थांबला. त्या दिवशी गाडी टोचनवर टाकून अंबडच्या वर्कशॉपमध्ये आली.

स्विच आत काय करतो

चावीचं कुलूप आणि इग्निशन स्विच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुढे चावी जाते ते धातूचं बॅरल, त्याभोवती इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखणाऱ्या यंत्रणेची, गोल अँटेना, त्याच्यातच स्टिअरिंग अडकवणारी खुंटी. या सगळ्याच्या मागच्या टोकाला प्लास्टिकची एक लहानशी डबी बसते. तिच्या तोंडाशी एक खाच असते. बॅरलच्या मागची चपटी पट्टी त्या खाचेत जाते आणि चावीबरोबर डबीतला प्लास्टिकचा रोटर फिरवते. वायरींचा प्लग डबीच्या पाठीवर बसतो. बिघडते ती जवळजवळ नेहमी ही डबी. कुलूप क्वचित.

डबीतल्या टर्मिनलांना जर्मन गाड्यांत ठरलेले नंबर आहेत आणि ते पाठ असलेले बरे. ३० म्हणजे बॅटरीचा थेट करंट, चावी काढून खिशात टाकली तरी जिवंत. १५ म्हणजे इग्निशन: इंजिनाचा संगणक, एबीएस, मीटर. ५० म्हणजे स्टार्टर, फक्त चावी शेवटपर्यंत दाबून धरली की. आणि एक्स. हा एक्स समजला की हे प्रकरण समजलं. जास्त करंट खाणाऱ्या गोष्टी, ब्लोअर आणि एसी वगैरे, एक्सच्या लाईनवर असतात. स्टार्टर फिरताना बॅटरीचा सगळा जोर त्याला मिळावा म्हणून स्विच तेवढ्यापुरता एक्स तोडतो. चावी सोडली की आतल्या स्प्रिंगनं रोटर एक पाऊल मागे येतो, ५० सुटतो आणि एक्स पुन्हा जोडला जातो.

आता समजा स्प्रिंग थकली आहे, रोटरच्या प्लास्टिकला तडा आहे, आतलं ग्रीस वाळून चिकट झालं आहे. चावी सोडल्यावर रोटर पूर्ण मागे येत नाही, मधेच कुठेतरी थबकतो. ५० सुटलेला असतो, १५ जोडलेला असतो, म्हणून इंजिन छान चालतं. एक्स मात्र तुटलेलाच राहतो. ब्लोअर मेलेला. बोटानं चावी मागे दाबली की रोटर उरलेला मिलिमीटर सरकतो आणि ब्लोअर जिवंत होतो. मालकांची युक्ती नेमकी ही होती. दोष वाढला की रोटर आणखी अलीकडे थबकतो, इतका की ५० सुद्धा सुटत नाही. मग इंजिन चालू झालेलं असतं आणि स्टार्टर त्याच्यासोबत फिरतच राहतो. असं अर्धा मिनिट राहिलं तर स्टार्टर गेलाच समजा, फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही जाऊ शकतात.

खड्ड्यात एबीएसचा दिवा लागतो तो १५ च्या काँटॅक्टमुळे. काँटॅक्ट काळे पडले, दाब कमी झाला, की हादऱ्यानं क्षणभर करंट तुटतो. एबीएसचा संगणक इंजिनापेक्षा अशा तुटींना लवकर कुरकुरतो, म्हणून आधी त्याचा दिवा. पुढची पायरी म्हणजे चालत्या गाडीत इंजिन बंद. कसारा घाटाच्या उतारावर ते झालं तर स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेकला साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाब मिळतात, त्यानंतर पाय लाकडावर पडल्यासारखा लागतो. अशा वेळी गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही. काढली तर स्टिअरिंग लॉक होतं.

मोजल्याशिवाय बदलायचं नाही

लक्षणांवरून अंदाज पक्का होता, तरी मीटर लावला गेला. कारण या गाडीत स्विचसारखीच लक्षणं बॅटरी, अर्थिंग आणि स्टार्टरकडे जाणारी जाड वायर यांच्या दोषानंही दिसतात. आधी बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, स्टार्टर फिरताना १०.४, इंजिन चालू असताना १३.९. तिन्ही ठीक. स्टार्टर फिरताना १० च्या खाली गेलं असतं तर स्विचचा विचार तिथेच थांबवून बॅटरी आणि केबल पाहायला हवी होती.

मग स्विच. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन ३० च्या वायरीला, दुसरी १५ ला, प्लग जागेवर ठेवून मागून बारीक टाचणी सरकवून. चावी चालू. इथे मीटर दाखवतो तो स्विचनं मधल्यामध्ये खाल्लेला व्होल्टेज. निरोगी स्विचला ०.१ च्या आत, जुन्याला ०.२ पर्यंत चालतं. या गाडीत चावी शांत असताना ०.४ आणि चावी हलक्या हातानं डोलवली की ०.९ पर्यंत उड्या. म्हणजे १५ चा काँटॅक्ट जळलेला.

त्यानंतर ३० आणि एक्स. इंजिन चालू करून चावी सहज सोडली: जवळजवळ पूर्ण १३ व्होल्ट, म्हणजे रस्ता तुटलेला. चावी बोटानं मागे दाबली: ०.१५. पुन्हा सोडली: ०.१५ च राहिलं, ब्लोअर सुरू. असं सात वेळा केलं, त्यात पाच वेळा एक्स पहिल्या सोडण्यात जोडला गेला नाही. रेझिस्टर बदलल्यावर चार-पाच वेळा एसी का चालला त्याचंही उत्तर यात मिळालं: नशीब.

इमोबिलायझरचा संशय कुणीतरी घेतलाच. चावी ओळखली नाही तर गाडी चालू होत नाही हे खरं, पण चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर त्यानं अडत नाही. मालकांनी गाडी वर्कशॉपला यायच्या आधी एका इलेक्ट्रिशियनकडून आणखी एक सल्ला घेतला होता: कुलूप तसंच ठेवायचं, डॅशबोर्डवर एक टॉगल आणि एक पुश बटण लावायचं. ट्रॅक्टरला, टेम्पोला हे चालून जातं, आणि ज्यांची निम्मी हयात बागेतल्या मोटारीचा स्टार्टर दाबण्यात गेली त्यांना ते अगदी साधं वाटतं. इथे नको. ३० ची वायर फोडून बिनफ्यूजचा टॉगल लावणं म्हणजे डॅशबोर्डच्या मागे आगपेटी ठेवणं आहे, आणि एक्सची वेळ चुकते ती चुकतेच.

सुटा भाग, आणि तो शोधताना झालेला घोळ

पार्टसाठी पहिला भाव आला तो अख्ख्या कुलपाच्या असेंब्लीचा: बॅरल, हाऊसिंग, स्टिअरिंग लॉक, सगळं मिळून. ते लागत नव्हतं. मागचा स्विच सुटा मिळतो, आणि तो पोर्शेचा खास नाहीच. फोक्सवॅगन-ऑडीच्या नव्वदीतल्या गाड्यांना लागणारा तोच. नंबर ४ए० ९०५ ८४९ बी. असेंब्लीच्या मानानं त्याची किंमत किरकोळ आहे. असेंब्ली बदलायची वेळ येते ती चावीच अडकत असेल, कुलूप फिरताना खरखरत असेल किंवा हाऊसिंगला तडा असेल तेव्हा.

घोळ झाला तो इथे. नाशिकमध्ये जुन्या ऑक्टाव्हिया भरपूर, त्यांचे पार्ट दुकानात सहज मिळतात. शेवटी त्या गाड्या शेजारच्या औरंगाबादेतच, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळून बाहेर पडल्या. काउंटरवर स्विचचा फोटो दाखवल्यावर उत्तर आलं, "कंपनी एकच आहे दादा, बसून जाईल." डबीवर नंबर होता ४बी० ९०५ ८४९. शेवटचे सहा आकडे तेच, त्यामुळे घेणाऱ्याचीही खात्री पटली. पण पुढची तीन अक्षरं हाच खरा नंबर आहे. ४बी० ही पुढच्या काळातल्या गाड्यांसाठीची वेगळी डबी आहे. हातात दोन्ही शेजारी धरले तर मागचा सॉकेट वेगळा दिसतो. बॉक्स्टरचा प्लग त्यात जात नाही. जोर लावून किंवा पिना वाकवून बसवायचा प्रयत्न केला असता तर प्लगही गेला असता, आणि तो प्लग नव्या स्विचपेक्षा मिळायला फार अवघड आहे. जुना स्विच काढून हातात घेऊन मगच दुकानात जाणं हा यातला एकमेव भरवशाचा मार्ग. बरोबर नंबरचा स्विच शेवटी मुंबईहून, ऑपेरा हाऊसच्या पार्ट बाजारातून मागवला.

डबी आल्यावर बसवण्याआधी एक तपासणी करायची. तोंडाच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून स्टार्टच्या टोकापर्यंत फिरवायचा आणि सोडायचा. खाच टक्कन परत आली पाहिजे, रेंगाळता कामा नये. नकली माल इथेच उघडा पडतो: फिरवताना रेतीसारखं लागतं किंवा परत येताना शेवटच्या टप्प्यात आळस करतो. तसा असेल तर तोच दोष नव्या पैशांत विकत घेतला. मीटरनं कंटिन्युइटीही पाहता येते: चालू स्थितीत ३०-१५ आणि ३०-एक्स जोडलेले, स्टार्टला ३०-५० जोडलेला आणि एक्स तुटलेला.

हत्यारं

१० एमएमचा पाना बॅटरीसाठी. साधारण ३ एमएम पात्याचे दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, एक लांब आणि एक अगदी आखूड, बोटांत मावेल असा. आखूड नसेल तर अर्धं काम होऊन अडतं. डोक्याला बांधायची बॅटरी, हातात धरायची नव्हे. लहान आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा. आणि नेलपॉलिश, लाल असेल तर उत्तम.

काम

दोन्ही काचा पाच-सहा सेंटिमीटर खाली घेऊन ठेवायच्या. या गाडीच्या दाराला चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते आणि बंद झाल्यावर वर जाऊन टपाच्या रबरात बसते. बॅटरी काढल्यावर ते होत नाही, आणि वर असलेल्या काचेनं दार लावलं की काच रबराला फाडत जाते. रेडिओ मूळचा असेल तर त्याचा कोड हाताशी आहे ना ते पाहायचं. काही जण कोड जाऊ नये म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून छोटी बॅटरी जोडून ठेवतात. या कामात ते अजिबात करायचं नाही. त्यानं ३० ची वायर जिवंतच राहते, मग मूळ बॅटरी काढण्यात अर्थ उरत नाही.

पुढची डिकी उघडून, काचेच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढून बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. डिकी काम संपेपर्यंत उघडीच ठेवायची. पाच-दहा मिनिटं थांबून मग डॅशबोर्डखाली हात.

ड्रायव्हर सीट पूर्ण मागे, दाराच्या उंबऱ्यावर जाड टॉवेल, पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलच्या वर. कंबर दुखणाऱ्यानं हे काम दुसऱ्याला द्यावं. यात कौशल्यापेक्षा आडवं पडून राहण्याची तयारी जास्त लागते. कुलपाच्या मागे पाहिलं की आधी आडवा येतो तो कडेच्या व्हेंटकडे जाणारा एसीचा प्लास्टिक डक्ट. तो स्क्रूनं बसलेला नसतो, ढकलून बसवलेला असतो. दोन्ही टोकं हळू हलवत ओढून काढायचा. पंचवीस वर्षांचं प्लास्टिक आहे आणि नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो, म्हणून एका टोकाला जोर देऊन उचकटला तर ओठ तुटतो. डक्ट निघाला की हात जाण्याएवढी जागा होते.

प्लग सरळ मागे ओढायचा, वायरी धरून नव्हे, प्लगचं अंग धरून. या गाडीत प्लगचं ३० चं घर किंचित तपकिरी पडलेलं होतं, पण प्लास्टिक वितळलं नव्हतं आणि पिनांची पकड ठीक होती. वितळलेलं दिसलं असतं तर नुसता स्विच बदलून भागलं नसतं. सैल पिन पुन्हा तापते आणि नवा स्विच सहा महिन्यांत खाते.

डबीला धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू आहेत, डबीच्या दोन विरुद्ध बाजूंना. त्यांच्या डोक्यावर कारखान्यातला रंगाचा ठिपका असतो, आणि तो ठिपकाच ओळखायची खूण. एक स्क्रू खाली पडल्या पडल्या दिसतो. दुसरा दिसत नाही; आरसा धरून त्याची जागा बघायची, मग आरसा ठेवून द्यायचा आणि बोटानं चाचपत आखूड ड्रायव्हर त्यावर टेकवायचा. आधी रंग टोकानं खरवडून खाच मोकळी करायची, नाहीतर पातं निसटून खाच गोल होते आणि मग पुढचे दोन तास तिथेच जातात. स्क्रू पूर्ण काढायचे नाहीत. तीन-चार फेरे ढिले केले की डबी सुटते. पूर्ण काढलेला स्क्रू हमखास कार्पेटच्या खाली जातो.

चावी आत घालून बंद स्थितीत ठेवायची आणि डबी सरळ मागे ओढायची. ती निघाल्यावर, नवी बसवायच्या आधी, एक छोटी गोष्ट जरूर करायची: डबीविना चावी फिरवून पाहायची. कुलूप हलकं, न अडकता फिरलं तर दोष डबीचाच होता. या गाडीत लोण्यासारखं फिरलं. इथे खरखर लागली असती तर असेंब्लीचा भाव देणारा माणूस खरा ठरला असता.

जुन्या डबीच्या तोंडाची खाच कोणत्या कोनात आहे ते पाहून नव्या डबीची खाच ड्रायव्हरनं तशीच करायची. मग नवी डबी आत. ती शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडली तर ढकलायची नाही. खाच एक टप्पा पुढेमागे आहे. बाहेर काढून कोन जुळवायचा. एका टप्प्याच्या चुकीनं जोर लावून बसवली तर चावी काढल्यावरही १५ जिवंत राहू शकतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडते. नीट बसलेली डबी हाऊसिंगला टेकते, मधे फट राहत नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, प्लास्टिकवर आहेत हे लक्षात ठेवून. ते सैल होऊ नयेत म्हणून नेलपॉलिशचा एकेक थेंब. प्लग आत जाताना शेवटी स्पष्ट टेकतो; तो टेकल्याची खात्री बोटानं करायची, डोळ्यानं होत नाही. डक्ट परत.

बॅटरी जोडली. या मॉडेलला थ्रॉटलची तार नाही, पेडलपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत, सगळा कारभार विजेवर. म्हणून बॅटरी जोडल्यावर पेडलला पाय न लावता चावी चालू करून एक मिनिट तशीच सोडायची, मग दहा सेकंद बंद, मग स्टार्ट. हे नाही केलं तर आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग, काही वेळ वरखाली होतो आणि नवा दोष आला असं वाटतं. काचा वरपर्यंत नेऊन बटण पुन्हा एकदा दाबून धरलं की त्यांना आपली वरची सीमा परत कळते. घड्याळ, रेडिओ.

पुन्हा मोजणी: ३० ते १५ मध्ये ०.०६, चावी डोलवूनही तेवढंच. एक्स ०.०८, दहा स्टार्टपैकी दहाही वेळा चावी सोडताक्षणी ब्लोअर चालू. चावी काढून, गाडी लॉक करून अर्ध्या तासानं बॅटरीच्या लाईनमध्ये मीटर घालून पाहिलं: ३५ मिलीअँपिअर. ५० च्या आत असलं की काळजी नाही. स्टार्टर त्या सकाळी इंजिनाबरोबर फिरला होता, म्हणून त्याचा आवाज वेगळा ऐकला. सुटताना किंकाळी नाही, पकडताना दात घासल्याचा आवाज नाही. तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी परत

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आली. दोन तक्रारी. एक, कडेच्या व्हेंटमधून हवा कमी आणि खड्ड्यात टकटक. डक्टचं वरचं टोक ओठात बसलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. पाच मिनिटांचं काम.

दुसरी तक्रार जास्त विचार करायला लावणारी. चावी शेवटपर्यंत दाबली तरी मधूनच स्टार्टर फिरत नाही. थोडा जास्त जोर दिला की फिरतो. नवा स्विच खराब निघाला असा निष्कर्ष काढायला कुणालाही मोह होईल. डक्ट काढलेलाच होता, म्हणून आरसा आत घातला. डबी आणि हाऊसिंग यांच्यामध्ये एका बाजूला नखाच्या जाडीची फट. न दिसणारा स्क्रू आवळला गेला होता असं वाटलं होतं, पण खाचेत रंगाचा तुकडा राहिल्यामुळे ड्रायव्हर घट्ट लागून थांबला होता, स्क्रू नव्हे. डबी तिरकी राहिली, बॅरलची पट्टी खाचेत पूर्ण गेली नाही, आणि स्टार्टच्या शेवटच्या अंशांत ती रोटरला सोडून देत होती. बॅटरी पुन्हा काढून खाच सुईनं साफ केली, डबी दाबून धरून स्क्रू आवळला. फट गेली, तक्रार गेली. या कामात नवा भाग सदोष निघण्यापेक्षा तो मागचा स्क्रू अर्धवट राहण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

जुनी डबी उघडली तेव्हा

डबीच्या खाचा पात्यानं उचकटून ती वर्कशॉपच्या टेबलावर उघडली. रोटरच्या कडेला, जिथे स्प्रिंगचं टोक टेकतं तिथे, केसाएवढा तडा. बोटानं दाबला की उघडायचा. त्यामुळे स्प्रिंगचा जोर रोटरला फिरवण्याऐवजी तडा रुंदावण्यात जात होता. ग्रीसचं काळं डांबर झालेलं, त्यात तांब्याची चकाकी. १५ च्या पट्टीवर मोहरीएवढा खड्डा. एक्सचे काँटॅक्ट मात्र जवळजवळ नवे, जे बरोबरच आहे: ते जळले नव्हते, रोटर तिथवर पोहोचतच नव्हता.

असे काँटॅक्ट पॉलिश पेपरनं घासून पुन्हा वापरणारे लोक आहेत. घासलं की वरचा चांदीचा पातळ थर जातो आणि खालचं तांबं दुप्पट वेगानं जळतं. तडा तर घासून भरत नाहीच. चावीच्या भोकात डब्ल्यूडी-४० मारणं हाही आवडता उपाय. ते कुलपातून ओघळत मागच्या डबीत जातं, उरलंसुरलं ग्रीस पातळ करतं आणि धूळ धरून ठेवतं. कुलपाला लागलंच तर कोरडी ग्राफाइटची भुकटी, तीही चिमटीभर.

तडा नेमका कशानं गेला हे सिद्ध करता येत नाही. प्लास्टिकचं वय हे मोठं कारण आहेच. पण मालकांच्या चावीला घराच्या तीन किल्ल्या, बागेतल्या पंपहाऊसची लांब किल्ली आणि पितळी गणपती लटकत होता. खड्ड्यात तो सगळा जुडगा चावीला झोके देतो, आणि तो झोका बॅरलमधून सरळ रोटरपर्यंत पोहोचतो. सध्या गाडीची चावी एकटी आहे. गणपती डॅशबोर्डवर बसला आहे.